नागरिकत्वाचा अर्ज अडतो तो नावाच्या रकान्यात

पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांचे अर्ज नागपूरच्या जरीपटका-खामला भागात भरून देताना माझा एकच राग टिकून आहे, तो नावाच्या रकान्यावर. बाकी सगळं निभतं.

भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, म्हणून ‘तुम्ही निर्वासित’ असा शिक्का कुणी मारून देत नाही. आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे एलटीव्ही, आणि मग नागरिकत्व, एवढीच वाट आहे. 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांसाठी 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने आणि त्याच्या 11 मार्च 2024 च्या नियमांनी ती सोपी झाली. अकरा वर्षांऐवजी पाच वर्षांचं वास्तव्य, ऑनलाइन अर्ज आणि पन्नास रुपये शुल्क. पोर्टलवर एक संध्याकाळ पुरते.

आता नाव. सिंधमध्ये बऱ्याच हिंदूंच्या कागदावर आडनाव नसतं. ‘रमेश कुमार’ आणि खाली वडिलांचं नाव, बस. इकडे आल्यावर शाळेत, बँकेत आडनाव मागतात, मग आजोबांच्या नावाला ‘आणी’ जोडून घेतात. त्यात तिकडच्या सिंधी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. पासपोर्टवर लछमन, एलटीव्हीवर लच्छमन, आधारवर लक्ष्मण. बायकांच्या कागदांवर याच्या भरीला माहेरचं नाव. पडताळणीच्या टेबलावर बसलेल्याला हे तीन वेगळे पुरुष वाटतात आणि ठरलेलं वाक्य येतं: ‘आधी पासपोर्ट दुरुस्त करून आणा.’ म्हणजे दिल्लीला पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयात जा! ज्या देशातून माणूस निघून आला, त्याच्याच दारात स्पेलिंगसाठी उभं राहायचं.

जाऊ नका. 2024 च्या नियमांच्या अनुसूचीतच लिहिलंय की मुदत संपलेले कागदही चालतात. शिवाय पासपोर्ट हा एकच पुरावा नाही: तिकडचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीचा कागद, इतकंच काय आई-वडील, आजोबा किंवा पणजोबा तिथले नागरिक होते हे दाखवणारा कागदही धरतात. त्या पानाची छापील प्रत फाइलच्या सगळ्यात वर लावा. तोंडी सांगून उपयोग होत नाही, मी घसा कोरडा करून पाहिलाय.

अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षर न् अक्षर. आडनाव तिथे नसेल तर इथेही लावू नका. मग एक प्रतिज्ञापत्र करा: ‘खालील सर्व नावे माझीच’ असं लिहून प्रत्येक कागद, त्याचा क्रमांक, तारीख आणि त्यावरचं स्पेलिंग एकेका ओळीत. ‘उर्फ’ घालून मोघम केलेलं प्रतिज्ञापत्र परत येतं. वडिलांच्या नावातही असाच फरक असतो, तो याच कागदात घ्या. तो राहिला की पुन्हा नोटरी. आधार, पॅन आधी बदलायला धावू नका, नाहीतर स्पेलिंगची आणखी एक जात तयार होते. ते नागरिकत्वानंतर.

हो, भारतात कधी आलात त्याचा पुरावा वेगळा लागतो. व्हिसा आणि त्यावरचा आगमनाचा शिक्का सगळ्यात भक्कम. झेरॉक्समध्ये शिक्क्याची तारीख पुसट येते, तेव्हा ते पान रंगीत स्कॅन करा.

जिल्हाधिकारी कार्यालयात मात्र हेलपाटे नकोत. 2016 मध्ये नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना असे अर्ज मंजूर करण्याचे अधिकार मिळाले होते, म्हणून जुनी माणसं तिकडेच पाठवतात. नव्या वाटेत जिल्हा समिती टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखाली असते. ती मूळ कागद तपासते, निष्ठेची शपथ देते आणि फाइल राज्याच्या समितीकडे पाठवते. बोलावल्यावर स्वतः जायचं. वारंवार गैरहजर राहिलात तर अर्ज नामंजुरीच्या शिफारशीने वर जाऊ शकतो.

भाषेच्या रकान्यात मराठी येत नाही म्हणून घाबरतात. सिंधी 1967 पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे; बिनधास्त सिंधी लिहा.

31 डिसेंबर 2014 नंतर आलेल्यांना ही वाट नाही. 1 सप्टेंबर 2025 च्या आदेशाने 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्यांना कागदांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट मिळाली, पण नागरिकत्वाची तारीख पुढे सरकलेली नाही. त्यांनी एलटीव्हीचं नूतनीकरण चुकवू नये, आणि तिथेही नाव पासपोर्टचंच लिहावं.