आधी पाठ दाखवा

"जुनी संगमरवरी फायरप्लेस घ्यायची आहे, कशी निवडावी?" फोंड्यात राहून हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहून ठेवते. इथे फायरप्लेस म्हणजे विस्तवाच्या तोंडाभोवती भिंतीला बसवायची दगडी चौकट: बाजूंना दोन खांब, वर फळी. मी जुन्या घरांतलं दगडकाम दुरुस्त करते, म्हणून लोक मला विचारतात. काही जण आसगाव, हळदोणा, साळगाव इथे जुनं घर घेऊन ते नीट करत असतात. दिवाणखान्यातल्या मोठ्या भिंतीला काहीतरी भारदस्त हवं असतं. बाकीची विलायतेत गेलेली आपलीच माणसं. माझा मावसभाऊ स्विंडनला असतो. तिथे गोंयकार पुष्कळ. त्याने घेतलेल्या जुन्या घरात फायरप्लेस आधीपासूनच होती.

सगळे फोटो पाठवतात, आणि सगळे समोरून काढलेले. समोरची बाजू दिसण्यासाठीच घडवलेली असते, ती आजही कुणी चांगला कारागीर हुबेहूब करून देईल. दगडाचं वय पाठीवर असतं, कारण तिथे कुणी सजावट केलेली नसते. पूर्वी संगमरवराचे तक्ते बिनदातांच्या लोखंडी पात्याने, वाळू आणि पाणी घालत घालत कापायचे. त्यामुळे जाडी जागोजागी थोडी बदलते, बोट फिरवलं की कळतं. कमानीसारख्या गोल रेघा आणि टोकापासून टोकापर्यंत एकच जाडी दिसली, तर तो आजच्या कटरचा दगड. मग विकणारा त्याला कितीही जुना म्हणो.

पाठीवर आणखीही दिसतं. बाजूचे खांब बहुतेक वेळा अखंड नसतात. पुढे एक तक्ता, बाजूंना पट्ट्या, आत पोकळी, तिथे प्लास्टरचे गोळे आणि लोखंडी आकडे. हे पाहून लोक दचकतात, "अहो, हा तर जोडलेला आहे!" जोडलेलाच असतो. जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकेतली सेंट झेवियरची समाधी आठवा. इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने ती भेट दिली, फ्लॉरेन्सला शिल्पकार फोज्जिनीच्या हाताखाली ती घडायला दहा वर्षं लागली, मग जहाजाने ती सुटी सुटी इथे आली आणि १६९८ मध्ये उभी राहिली. इतका मोठा संगमरवर सुट्या भागांनी आला, तर भिंतीवरच्या चौकटीच्या जोडाला घाबरायचं कारण नाही. काळजी करायची ती जोडाच्या बाहेर गेलेल्या तड्याची, खास करून वरच्या फळीला आडव्या गेलेल्या.

नंतर डाग बघा. खऱ्या वापराचा डाग कामाच्या जागी पडतो. तोंडाच्या आतल्या कडेला धुराचा तपकिरीपणा, फळीची पुढची कड मध्यभागी हातांनी गुळगुळीत झालेली, पायाशी पुसण्याच्या पाण्याने आलेला मळकट रंग. सगळीकडे सारखा पिवळा असेल तर तो पिवळा केलेला आहे. चहाच्या पाण्याने 'जुना' केलेला नवा दगड मी हातात घेऊन पाहिला आहे. खोल नक्षीतही तोच रंग होता आणि उंचवट्यावरही तोच.

मुळात तो संगमरवर तरी आहे का? तुटलेल्या कडेला भिंग लावलं की खडीसाखरेसारखे कण चमकतात. राळेत भुकटी मिसळून ओतलेल्या नकलेत ते दिसत नाहीत; तिथे बारीक बुडबुड्यांची भोकं दिसतात, आणि तळव्याला ती संगमरवराइतकी गार लागत नाही. पाठीवर लिंबाचा एक थेंब टाकला तर खऱ्या संगमरवरावर बारीक फेस येतो. मात्र पाठीवरच. समोर टाकलात तर तिथली चकाकी गेली म्हणून समजा.

मावसभावाने हे सगळं केलं. लिंबू टाकलं, फेस नाही. कपची उडालेल्या जागी आतला दगड करडा, पदरापदरांचा निघाला. म्हणजे स्लेट. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये स्लेटवर रंग चढवून, भट्टीत भाजून संगमरवराच्या शिरा उठवायचे. कारागिरांच्या घरांना तेच परवडायचं. त्याला फार वाईट वाटलं. ती काढून खरी मार्बलची बसवतो म्हणाला. मी नको म्हटलं, अजूनही नकोच म्हणते. त्या घरासाठी ती घडली, त्या घरात ती इतकी वर्षं उभी आहे, आणि ते रंगकाम हाताचं आहे. फक्त रंग काढायचं जालीम रसायन तिच्या जवळ नेऊ नकोस, एवढं मात्र बजावलं.

बाजारात जुन्या फायरप्लेस येतात कुठून, तेही सांगते, कारण निवडताना ते उपयोगी पडतं. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराचं धुरकं साचून हजारो माणसं दगावली. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, पाठोपाठ घरोघरी सेंट्रल हीटिंग आलं, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कितीतरी चौकटी उपटल्या गेल्या. तो माल आता फिरतो आहे. पण रिकाम्या घरांतून चोरलेलाही त्यात असतो. तिथे संरक्षित यादीतल्या घरातून परवानगीशिवाय फायरप्लेस काढणं गुन्हा आहे. म्हणून कुठल्या घरातली, कधी काढली, हे विचाराच. उत्तर देताना विकणारा चाचरला तर मी पुढे बोलत नाही. उभ्या घरातून ओढून काढलेला दगड माझ्या हाताने दुसऱ्या भिंतीवर चढवायचा नाही, हे माझं ठरलेलं आहे.

आता आपल्याकडचं. मी दुरुस्त केलेल्या गोव्यातल्या एकाही जुन्या घरात बैठकीला फायरप्लेस नव्हती, विस्तव चुलीपुरता. म्हणजे ती इथे पाहुणी, आणि पाहुणीची सोय आपणच करायची. पहिलं काम आतले लोखंडी आकडे काढण्याचं. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून दगड फोडतं. समुद्राच्या हवेत ते फार लवकर होतं. मी ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घालते. दुसरं, चिऱ्यांची भिंत पावसाळाभर पाणी पिते. संगमरवर तिला घट्ट चिकटवला तर लोणा, म्हणजे भिंतीतला खार, दगडाच्या अंगावर उमटतो. म्हणून मागे बोटभर हवा सोडायची, सिमेंटऐवजी चुना वापरायचा, आणि पायाखाली ग्रॅनाइटची पट्टी. विलायतेत प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवतात. इथल्या ओलीत ते टिकत नाही.

वजनही धरा. पाच फूट लांब, दहा इंच रुंद, दीड इंच जाड फळी एकटीच ४० किलोच्या आसपास भरते. माडीवर लाकडी तुळयांची जमीन असेल तर आधी सुताराला विचारा.

पॉलिशबद्दल मात्र मी हट्टी आहे. आमच्या घरी आजोबांचं संगमरवरी माथ्याचं टेबल होतं. पांढऱ्याचा हस्तिदंती झालेला, सोलांच्या आगळाचे दोन-तीन डाग असलेला दगड. एका चतुर्थीच्या आधी घर रंगवायला आलेल्या माणसाने चांगल्या मनाने तो फरशी धुवायच्या ॲसिडने पुसला. पाच मिनिटांत तो खडूसारखा कोरडा झाला. डाग गेले, आणि आजोबांच्या मनगटाने झिजलेली कडही खरखरीत झाली. मी तेव्हा शिकत होते. मशीनने घासून चकाकी परत आणली, आणि उरलंसुरलंही त्यात गेलं. संगमरवर मऊ आहे, सुरीने चरा पडतो. जुन्या नक्षीची धार मशीनखाली एकदा गेली की परत येत नाही. साधं पाणी, मऊ सुती फडकं, आणि धीर, एवढ्यावर बहुतेक काम होतं.

राहिला आकार. जुन्या चौकटी साधारण चार फूट उंचीच्या. आपल्या उंच छताच्या दिवाणखान्यात ती दुकानात दिसली त्याहून लहान वाटते. घेण्याआधी भिंतीवर खडूने पूर्ण मापाने काढा, आठ दिवस तशीच ठेवा. फ्रेंच धाटणीची वळणदार, मधोमध शिंपला कोरलेली, की सरळ रेषेची, याचं उत्तर समोरचं दार देईल. दारावर कमान असेल तर वळणदार शोभते.

आणि तोंडात काय ठेवणार, हे आधीच ठरवा, कारण इथे जाळ नाही. पणजीतल्या एका घरी मुलांना चतुर्थीचा गणपती तिथे बसवायचा होता. आजीने नको म्हटलं. देवाच्या डोक्यावर वस्तू मांडायची फळी कशी चालेल? मला तिचं पटलं. शेवटी आत समई ठेवली. संध्याकाळी ती लागली की खांबांच्या आतल्या जुन्या धुरकट कडा सोनेरी दिसतात. त्या चौकटीत इतक्या वर्षांनी पुन्हा उजेड होता, आणि मी तिथून निघायला उशीर केला.

फोटो पाठवायचा असेल तर जरूर पाठवा. आधी पाठीचा, मग पायाचा. समोरचा शेवटी.