हॉर्नबी रोडच्या पाट्या

आज सीएसएमटीहून फ्लोरा फाउंटनपर्यंत दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून रमतगमत चालले. इंग्रजांच्या काळातला हा हॉर्नबी रोड. फोर्टचा तट १८६०च्या दशकात पाडला आणि मग इथे या इमारती उभ्या राहिल्या. व्हाइटवे लेडलॉचं विलायती मालाचं डिपार्टमेंट स्टोअर इथलंच. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आलं. केवढी उलथापालथ!

नव्वदच्या दशकात इथल्या कमानी प्लास्टिकच्या चकचकीत बोर्डांआड पार बुजल्या होत्या. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी दुकानदारांना सोबत घेतलं, पाट्या कमानीच्या आत बसवायच्या असं ठरवलं. दुकानदार तयार झाले, याचं मला फार अप्रूप वाटतं. दादर-गिरगावातल्या जुन्या दुकानांसाठीही हे व्हायला हवं, आणि लवकर.