तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी रिकामी का उभी होती?

"पहिली ॲम्ब्युलन्स तुमचीच होती ना? मग ती तासभर रिकामी का उभी होती? आणि तुम्ही आत बसून काय करत होतात?"

हे मला बँकेच्या रांगेत विचारून झालंय, लिफ्टमध्ये विचारून झालंय. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. बसच्या त्या अपघाताचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, तेव्हा बस कशी उलटली वगैरे पुन्हा सांगत बसत नाही. त्यात ॲम्ब्युलन्समध्ये वायरलेस तोंडाशी धरून बसलेली बाई मीच.

आधी नियम सांगते. एका वेळी खूप जखमी असले की पहिल्या पोचलेल्या गाडीने पेशंट उचलून निघायचं नसतं. गाडीतल्या दोघांपैकी एकाने कंट्रोल रूमला चित्र द्यायचं: मोठी घटना आहे का, नेमकी जागा कुठली, प्रकार काय, धोके काय, यायचा-जायचा रस्ता कुठला, जखमी किती, आणखी कोण कोण लागेल. ब्रिटनमध्ये या सात गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'मेथेन' केलाय, पाठ राहावं म्हणून. दुसऱ्याने जखमींना रंगीत टॅग लावत फिरायचं: लाल सगळ्यात आधी न्यायचे, मग पिवळे, मग हिरवे; काळा म्हणजे गेलेला किंवा वाचणार नाही असा. आम्ही वापरतो ती 'स्टार्ट' पद्धत १९८३ साली कॅलिफोर्नियात तयार झाली. एका माणसाला मिनिटाच्या आत उरकायचं. चालतोय? हिरवा. श्वास नाही, आणि डोकं मागे करून वाट मोकळी केली तरी येत नाही? काळा. आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाला नाडी लागत नाही, किंवा 'माझं बोट दाबा' म्हटलेलं कळत नाही, यातलं एक जरी असेल तरी लाल. उरले ते पिवळे. श्वासाची वाट मोकळी करणं आणि वाहतं रक्त थांबवणं सोडलं तर या फेरीत उपचार नाहीत.

पहिली गाडी पहिला पेशंट घेऊन निघून गेली की मागे ना आकडा उरतो, ना ठरवणारं कुणी. नंतर येणारा प्रत्येकजण समोर दिसेल त्याला उचलतो, आणि समोर दिसतो तो ओरडणारा. गप्प पडलेला तसाच राहतो. शिवाय सगळे जवळच्या एकाच हॉस्पिटलात जाऊन आदळतात. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला गेला, तेव्हा एकट्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात पहिल्या दिवशी ६४० जण पोचले, आणि त्यातले बहुतेक आपले आपण.

हे मी वर्गात शिकवायचे. "पहिली गाडी म्हणजे डोळे आणि तोंड. हात नंतर." वाक्य माझंच, आणि मला ते फार आवडायचं.

त्या रात्री माझा जोडीदार टॅग घेऊन उतरला. मी कंट्रोलला जागा सांगत होते, तेवढ्यात काचेवर थापा. एक माणूस, हातात दहा-बारा वर्षांचा मुलगा. "ताई, दार उघडा. ताई, बघा ना याला." मुलगा जिवाच्या आकांताने ओरडत होता. माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते: बरं झालं, श्वासाची वाट मोकळी आहे. हे मनातच राहायला हवं होतं. मी काच खाली केली आणि म्हणाले, "रडतोय ना? मग थांबा."

चार शब्द. शास्त्राला धरून अगदी बिनचूक.

गुडघ्याखाली पाय चिरडलेला दिसत होता. रक्त येत होतं, पण उसळत नव्हतं. मी खिडकीतून पट्ट्यांचा गठ्ठा दिला. "इथे दाबून धरा, सोडू नका." त्याने धरला. एका हाताने पोर सावरलेलं, दुसऱ्याने पट्टी, आणि नजर माझ्यावर. मी परत वायरलेसकडे वळले. जखमी अंदाजे वीस, असं सांगितलं. तो तिथेच उभा. मग हळूच म्हणाला, "गाडी रिकामी आहे हो." एखाद्याच्या लक्षात राहिलं नसेल तर आपण आठवण करून देतो ना, तसं. व्हिडिओत हे ऐकू येत नाही. मी म्हटलं, "दुसरी येतेय." तो थोडा वेळ थांबला आणि कुणाच्या तरी कारमध्ये मुलाला घालून निघून गेला.

जखमी वीस नव्हते, एक्केचाळीस होते. आडव्या बसच्या पलीकडचे मला दिसतच नव्हते. जोडीदार फेरी मारून आला तेव्हा कळलं आणि मी आठ मिनिटांनी दुसरा निरोप दिला. म्हणजे ज्या आकड्यासाठी मी दार उघडलं नाही तोच चुकला होता. खाली उतरून दहा पावलं चालले असते तर चुकला नसता.

पण रस्ता बरोबर सांगितला होता. गाड्या उलट बाजूने घ्या, इकडून आल्या तर गर्दीत अडकतील, हे मीच सांगितलं, आणि बारा गाड्या कुठेही न अडकता आल्या-गेल्या. ते कुणी विचारत नाही. मोकळ्या रस्त्याचा व्हिडिओ कोण काढणार?

मुलगा जगला. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. वडील नंतर भेटायला आले होते, भांडायला नव्हे. "तुम्ही नेलं असतं तर राहिला असता का हो पाय?" मी नाही म्हणाले. डॉक्टरांचंही तेच मत होतं. पण ते मला नंतर कळलं. त्या रात्री काचेतून मला यातलं काहीच माहीत नव्हतं, पाय मी धड पाहिलाही नव्हता.

जोडीदार म्हणतो, तू बरोबर होतीस. त्याने त्या रात्री दोन काळे लावले. त्याला कुणी काही विचारत नाही, लोकांची छाती होत नाही.

गाडी न हलवण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. उद्याही हलवणार नाही. दाराचं मात्र ठरत नाही. अर्धं मिनिट खाली उतरले असते तर? त्याच्या मागून दुसरा आला असता, मग तिसरा, आणि निरोप राहिला असता, असं वर्गात शिकवणारी मी लगेच म्हणते. मग हे त्याला खाली उतरून का नाही सांगितलंस, असं मी तिला विचारते. वेळ नव्हता, म्हणते. चुकीचा आकडा सांगायला बरा होता.

आणि तासभर नव्हती हो गाडी रिकामी. बावीस मिनिटं. मोठे अधिकारी आले, मी सूत्रं त्यांच्याकडे दिली आणि त्याच गाडीतून दोन लाल नेले.