आमची वाटचाल : आम्ही पडलेलीच बी घेतो

आमच्या उद्योगाचं वर्ष माघात सुरू होतं. पहाटे मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपीच्या दारात उभं राहावं तर अंगावर शाल लागते आणि दहा वाजता त्याच अंगणात पाय पोळतात. पाणंदीच्या कडेचा पांगारा लाल झालेला असतो, आंब्याचा मोहोर घमघमत असतो, खाली वायंगणात, म्हणजे उन्हाळी शेतात, भात पोटरीला येत असतं आणि वर सड्यावर, कातळाच्या माळावर, काजूचे पहिले बोंडू, म्हणजे बीला जोडलेली रसाळ फळं, रंग धरतात. सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याच्या मधे आमची चार एकरांची बाग आहे. बागेच्या टोकाला काजूगराचा आमचा छोटा कारखाना. कारखान्यात वर्षभर जे काही चालतं, ते या सहा-सात आठवड्यांत ठरून जातं.

बाग सासऱ्यांची. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. 1990 साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली, तोवर आमचा सडा गुरं चारण्यापुरताच होता. आबांनी दोन वर्षांनी लागवड केली. पहारीने कातळात खड्डे घेतले, खड्ड्यांत भरायला माती व्हाळाकाठून, म्हणजे ओढ्याकाठून, डोक्यावरून वर नेली आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून कलमं आणली. हे केंद्र 1957 पासूनचं. 'वेंगुर्ला-4' आणि 'वेंगुर्ला-7' या काजूच्या जाती तिथल्याच. वेंगुर्ला-7ची एक बी साधारण 10 ग्रॅम भरते. गावठी झाडाची बी तिच्याशेजारी ठेवली की आबांनी त्या कातळावर एवढा घाम का गाळला ते कळतं.

पुढची पंधरा-सोळा वर्षं आम्ही नुसती बी विकली. हंगामात व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा, पोती काट्यावर चढायची आणि "ओली आहे" म्हणून दर पोत्यामागे वजन कापलं जायचं. बी खरंच ओली आहे की नाही, हे ठरवणारा तोच आणि भाव सांगणाराही तोच. ती कापलेली वजनं माझ्या मनातून गेली नाहीत. 2009 साली माझे दागिने आणि सोसायटीचं कर्ज यांवर आम्ही वाफेचा छोटा कुकर आणि हाताने-पायाने चालणारी दोन कटिंग मशीन घेतली. वाडीतल्या चार बायका कामाला आल्या.

पहिलं वर्ष घाईने नासलं. दोन उन्हं दिली न दिली तोच आम्ही बी वाफेला लावली. मशीनखाली गर तुटत होते, अखंड गरापेक्षा पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, जास्त निघत होती, साल गराला चिकटून बसत होती. बायका नखांनी साल खरवडत बसल्या होत्या तेव्हा आमच्या आजेसासूबाई खळ्यात आल्या. त्यांनी सुपातली मूठभर बी उचलून सारवलेल्या जमिनीवर सोडली, पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. मग मला म्हणाल्या, "ऐक गो. सुकी बी वाजता, ओली मुकी रवता." त्या आज नाहीत. पण अजूनही आमच्याकडे पोतं वाफेला जाण्याआधी मूठभर बी जमिनीवर सोडली जाते आणि ती वाजली नाही तर पोतं परत उन्हात जातं.

दुसरी गोष्ट आम्ही त्याच वर्षी शिकलो आणि तिलाच आजवर धरून आहोत. बी झाडावरून काढायची नाही. बोंडू पुरता पिकला की तो बीसकट आपणच खाली येतो, आणि त्या दिवशीच बी आतून भरलेली असते. आधी तोडली तर गर आकसतो आणि चवीला पिठूळ लागतो. हे सांगायला सोपं आहे, पाळायला कठीण. माकडं येतात, चोरीची भीती असते, फाल्गुनात आभाळ भरून आलं की बी काळी पडेल या धास्तीने शेजारच्या बागांत काठ्या घेऊन माणसं उतरतात. आम्ही आसपासच्या अठ्ठावीस घरांकडून बी घेतो. त्यांना आमचं एकच सांगणं असतं : पडलेलीच आणा, तिला किलोमागे वरचा दर देतो. वजन आम्ही त्यांच्यासमोर करतो आणि ओलाव्याच्या नावाखाली कापत नाही. बी मुकी असेल तर परत सुकवायला सांगतो.

वेचणीची वेळ सकाळची. दहिवराने पाचोळा भिजलेला असतो, पायाखाली वाजत नाही. बोंडू हातात घ्यायचा, बी धरून पीळ द्यायचा, की ती सुटते. बोंडाचा लगदा बीला राहिला तर बुरशी धरते, म्हणून तो तिथल्या तिथे काढायचा. व्हाळाकाठच्या मोठ्या जांभळाखाली मात्र आम्हाला नुसत्या बिया मिळतात, स्वच्छ, बोंडाचा मागमूस नसलेल्या. रात्री वटवाघळं बोंडू तिथे नेऊन खातात आणि बी खाली टाकतात. माझी मुलगी लहानपणापासून तेवढं एक झाड स्वतःचं समजते. शाळेत जाण्याआधी तिची परडी भरलेली असते.

पडलेलीच बी घ्यायची, या नियमाला एक अपवाद आहे : ओले काजूगर. ते कोवळ्या, हिरव्या बीतूनच निघतात आणि शिमग्याला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना उसळीसाठी हवेच असतात. काम जिकिरीचं. हिरवी बी कोयत्याने मधोमध चिरायची, बारीक काडीने गर सबंध उचलायचा. सालीतला चीक हाताला लागला की उततो, कातडी काळी पडून सोलपटते. बायका आधी हाताला खोबरेल चोळतात, वर राख लावतात. आता आम्ही हातमोजे देतो, तरी जुन्या काकी तेल-राखेशिवाय बसत नाहीत. ओले गर शेकड्यावर विकले जातात, पैसा त्याच दिवशी हातात येतो. म्हणून घरात दरवर्षी वाद होतो, किती झाडं ओल्या गराला द्यायची. माझ्या यजमानांचं म्हणणं, रोख येते तर घ्यावी. माझं म्हणणं, आज चिरलेली प्रत्येक हिरवी बी ही एप्रिलातली एक भरलेली बी कमी. बांधाकडची चाळीस झाडं ओल्या गराची, बाकी सगळी पडण्याची, असं आता ठरलं आहे.

2016च्या मार्चमधला वणवा सांगायला हवा. पलीकडच्या सड्यावर दुपारी वाळलेलं गवत पेटलं, वारा आमच्या बागेच्या दिशेने होता. निरगुडीच्या ओल्या डहाळ्या घेऊन सगळी वाडी धावली, तरी साठ कलमं होरपळली. फळं अंगावर असलेली झाडं. आबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. तेव्हापासून दिवाळी झाली की गवत कापतो आणि माघ लागायच्या आत बागेभोवती दहा हात रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढतो. त्या साठांतली बरीच झाडं बुंध्यापासून फुटली. त्यांच्या फांद्यांना मी आजही हात लावून जाते.

पैशाचं गणित या धंद्यात फार विचित्र आहे. बी वर्षातून एकदाच येते, म्हणून वर्षभराचं भांडवल महिना-दीड महिन्यात गुंतवावं लागतं. साधारण चार किलो बीतून एक किलो गर निघतो. पुष्कळ कारखाने आफ्रिकेतून आलेल्या बीवर बारा महिने चालतात. आम्ही ते केलं नाही. इथली बी संपली की आमचं कटिंग बंद होतं आणि बायका आपापल्या शेतीच्या कामाला लागतात. 2020 साली मात्र बी पडायच्या ऐन दिवसांत टाळेबंदी आली. गाड्या बंद, भाव कोसळलेला, माणसं पोती घेऊन दाराशी उभी. आम्ही पैसे तीन हप्त्यांत देऊ म्हणालो, आणि एकाही घराने नाही म्हटलं नाही. शेवटचा हप्ता गणपतीच्या आधी पोचला. आमच्या वाटचालीतला मला सगळ्यात मोठा वाटणारा दिवस तो आहे.

गिऱ्हाईक विचारतं म्हणून प्रतवारीबद्दल थोडं. पाकिटावर 'डब्ल्यू 240' लिहिलेलं असतं, म्हणजे एका पाउंडात, 454 ग्रॅममध्ये, 220 ते 240 अखंड गर. आकडा जितका लहान, तितका गर मोठा. चव आकारावर नसते. मी घरच्या उसळीला आणि मटणाच्या वाटपाला पाकळीच वापरते. आमचा गर दुधासारखा पांढरा नसतो, किंचित पिवळसर असतो. तो तसाच असावा असं मला वाटतं.

बोंडूंचं दुःख मात्र अजून पुरतं मिटलेलं नाही. गोव्यात त्यांचा उर्राक होतो, फेणी होते, आणि आमच्याकडे टोपल्याच्या टोपल्या झाडाखाली कुजतात. चार वर्षांपासून आम्ही रस काढून सरबत करतो. रसात साबुदाण्याची पातळ खळ घातली की घशाला खवखवणारा तुरटपणा खाली बसतो आणि वरचा रस नितळ मिळतो. बोंडू पडल्यावर काही तासांत रस काढावाच लागतो, त्यामुळे सकाळी दहापर्यंतचेच बोंडू घेतो. एकूण फळाचा हा अगदी लहान भाग आहे. यंदा रस काढण्याचं दुसरं यंत्र घेतलं आहे.

गेल्या आठवड्यापासून बी पडायला लागली. खळं नव्याने सारवून झालं आहे, कुळीथ झोडून एका कोपऱ्यात सरकवले आहेत आणि उरलेल्या जागेत पहिली सहा पोती पसरली आहेत. आबांना आता बागेत चढवत नाही. ते दिवसभर खळ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि दुपारी दोनदा काठीने बी परततात. काल संध्याकाळी त्यांनी मूठभर बी खाली सोडली, कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. अजून दोन उन्हं लागतील. नवा गर पाडव्यानंतर पाकिटांत भरू.