एकही चूक न करता

कॅरममध्ये स्ट्रायकरला बोटही न लावता बोर्ड, म्हणजे एक डाव, हरता येतो. टॉस समोरच्याने जिंकला, ब्रेक, म्हणजे पहिली पाळी, त्याचा, आणि पहिल्याच पाळीत त्याने राणीसकट नऊच्या नऊ पांढऱ्या सोंगट्या घेतल्या, की झाला व्हाइट स्लॅम. तुमच्या नऊ काळ्या बोर्डावर तशाच, आणि त्याच्या खात्यात १२ गुण.

ठाण्यात चरईतल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी मुलांना कॅरम शिकवते. सहावीतली एक मुलगी परवा स्पर्धेत अशीच हरली. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "ताई, माझं काय चुकलं?" मी तिला जे सांगितलं ते 'स्टार ट्रेक' या अंतराळावरच्या इंग्रजी मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डचं वाक्य होतं. एकही चूक न करता हरता येतं. तो दुबळेपणा नव्हे, आयुष्य असंच असतं.

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' मी दादाच्या नादाने बघायला लागले. घरात केबल नवीन होती, इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, आणि जे कळायचं नाही ते दादा जाहिराती लागल्या की समजावून सांगायचा. हे वाक्य १९८९ सालच्या 'पीक परफॉर्मन्स' या भागातलं. पिकार्डच्या अंतराळजहाजावर कोलरामी नावाचा एक घमेंडखोर डावपेचतज्ज्ञ येतो आणि जहाजावरचा अधिकारी डेटा त्याच्याशी स्ट्रॅटेजिमा नावाचा खेळ खेळतो. डेटा यंत्रमानव, त्याची गणितं चुकत नाहीत, तरीही तो हरतो. मग त्याला वाटतं, आपल्यातच कुठेतरी बिघाड आहे. तो कामावरून बाजूला होतो आणि स्वतःला तपासत बसतो. बिघाड सापडतच नाही, कारण तो नसतोच. तेव्हा पिकार्ड त्याच्याकडे जाऊन हे बोलतो.

अशी वाक्यं का टिकतात, यावर माझं ठाम मत आहे. ती कोणाला आणि कोणत्या क्षणी म्हटली, त्यावर सगळं असतं. नुसतं देखणं वाक्य दोन दिवसांत विरतं. हेच वाक्य कोलरामीला म्हटलं असतं तर कोणाच्या लक्षात राहिलं असतं?

त्याच मालिकेत, १९९२च्या 'चेन ऑफ कमांड'मध्ये, पिकार्डचा छळ चाललेला असतो. समोर चार दिवे, आणि छळणारा म्हणतो, पाच आहेत म्हण. सुटका होताना पिकार्ड ओरडतो, "दिवे चारच आहेत!" लोकांना एवढंच आठवतं. मला त्यानंतरचं जास्त लागतं. परत आल्यावर तो समुपदेशक ट्रॉयला सांगतो की शेवटी आपल्याला खरोखरच पाच दिवे दिसतायत असं वाटू लागलं होतं. हे ऐकल्यावर ती आरोळी माझ्यासाठी आणखी मोठी झाली.

'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या २००५ सालच्या 'द डॉक्टर डान्सेस' या भागात ख्रिस्तोफर एक्लस्टनचा डॉक्टर आनंदाने ओरडतो, "सगळे जगले, रोझ! या एका वेळी तरी सगळे जगले!" किती मरणं पाहिल्यावर माणूस असं ओरडत असेल! आणि जुन्या 'स्टार ट्रेक'मधल्या स्पॉकचं "दीर्घायुषी हो, भरभराट होवो" तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. स्पॉक झालेल्या लेनर्ड निमॉयने त्यासोबतची बोटांची खूण लहानपणी सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पाहिलेल्या आशीर्वादावरून घेतली होती. त्यामुळेच ती बनावट वाटत नसावी.

पण माझं वाक्य पिकार्डचंच. ते हल्ली सुविचारासारखं सगळीकडे फिरतं, आणि तसं फिरलेलं मला आवडत नाही. डेटाने आधी स्वतःला कसून तपासलं होतं. ज्याने तपासलंच नाही त्याच्या हाती ते वाक्य म्हणजे नुसती सबब. म्हणून त्या मुलीला मी ते लगेच सांगितलं नाही. आधी आम्ही दोघींनी आठवून आठवून तिचे सगळे बोर्ड पाहिले. एकात राणी घेऊन कव्हर करता आलं नव्हतं, ती तिची चूक, ती मी दाखवली. स्लॅमच्या बोर्डात मात्र तिला पाळीच आली नव्हती. तिथे तिचं काहीच चुकलं नव्हतं, आणि तेही मी तितकंच स्पष्ट सांगितलं.

भागाचा शेवट फार थोड्यांना आठवतो. डेटा कामावर परततो, आणि कोलरामीशी पुन्हा खेळायलाही बसतो. या वेळी तो जिंकायला जातच नाही. बरोबरी टिकवत राहतो, मिळालेल्या संधी सोडून देतो, आणि शेवटी कोलरामीच चिडून खेळ सोडून निघून जातो.

कॅरममध्ये बोर्डाची बरोबरी नसते, तेव्हा हा डाव काही आम्हाला जमायचा नाही. पण समोरच्याचा ब्रेक चालू असताना खांदे पाडून न बसता सोंगट्या कुठे जातायत ते बघायचं, पाळी कधीही येऊ शकते, हे शिकवता येतं. या आठवड्यात तिच्यासमोर ब्रेक मीच करते आहे.