शेवटचे सत्तर किलोमीटर

सकाळी साडेसहाच्या सुमारास स्खोनहोवन या छोट्या गावातून फेरीबोटीने लेक नदी ओलांडली, तेव्हा सायकलच्या मीटरवर १,२४६ किलोमीटर झाले होते आणि त्याच दिवशी समुद्र गाठायचा होता. स्वित्झर्लंडमधल्या ओबरआल्प खिंडीतून, म्हणजे समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवरून निघाल्याला पंचवीस दिवस झाले होते. लेक ही वेगळी नदी नव्हे. ऱ्हाईन नेदरलँड्समध्ये शिरली की तिचे फाटे फुटतात, आणि त्यांपैकी उत्तरेकडच्या एका फाट्याला पुढे हे नाव मिळते.

लातूरच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षे भूगोल शिकवला. ऱ्हाईन नदी निळ्या खडूने फळ्यावर काढायला मला मिनिटभरसुद्धा लागत नसे. आल्प्सपासून सुरुवात करून कॉन्स्टन्स सरोवर, बाझेल, कोलोन अशी खाली उतरत ती रेघ उत्तर समुद्राशी पोचेपर्यंत फळ्याची कड येत असे, त्यामुळे मुखाजवळ खडू नेहमीच घाईने उचलला जाई. निवृत्तीनंतर ही नदी उगमापासून मुखापर्यंत सायकलने पाहायची, हा विचार त्या घाईतूनच आला असावा. सोबतीला उदगीरचे माझे जुने सहकारी होते, गणिताचे शिक्षक. तीस वर्षे आम्ही एकमेकांना ‘सर’ म्हणत आलो आहोत आणि परदेशातल्या निर्मनुष्य रस्त्यावरही त्यात बदल झाला नाही.

शेवटच्या दिवशी वारा पश्चिमेचा होता, म्हणजे थेट तोंडावर. या देशात चढ जवळजवळ नाहीत, पण समुद्राकडे निघालेल्या सायकलस्वाराला बहुतेक वेळा हा वारा चढाची सगळी भरपाई करून देतो. बंधाऱ्याच्या माथ्यावरून रस्ता जात होता. उजव्या हाताला भरून वाहणारी नदी, डाव्या हाताला खाली घरे आणि गोठे, आणि त्या घरांची कौले माझ्या चाकाच्या पातळीत. नदी वर आणि माणसे खाली, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. पण एका घराच्या माळ्याची खिडकी उघडून बाई गादी झटकत होती आणि ती माझ्या पायांच्या उंचीवर होती, हे पाहिल्यावर मी सायकल थांबवली.

किंडरडाइकला पवनचक्क्यांच्या रांगा दिसल्या. एकोणीस चक्क्या, बहुतेक १७४०च्या आसपास बांधलेल्या. १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत. फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात, त्यामुळे त्यांच्या देखणेपणाविषयी मी लिहीत नाही. त्यांचे काम मात्र मनात राहिले. या चक्क्या दळण दळण्यासाठी नव्हत्या. सखल जमिनीत साचणारे पाणी वर उचलून नदीत टाकण्यासाठी होत्या. पाणी कमी पडते म्हणून नव्हे, तर पाणी फार होते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रात्रीचे जागलेले हे लोक. आमच्या लातूरच्या घरची सातशे फुटांची बोअर २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडी पडली, तेव्हा रात्री जागून आम्ही टँकरची वाट पाहत होतो. जागरण दोन्हीकडे पाण्यासाठीच होते.

आल्ब्लासरडाम ओलांडल्यावर माझ्या मागच्या चाकातून टण्‌कन आवाज आला. गिअरच्या बाजूचा एक स्पोक तुटला होता, चाक आऊट, म्हणजे वेडेवाकडे, झाले होते आणि रिम दर फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासत होती. गिअरच्या बाजूचा स्पोक बदलायचा तर कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, काढावी लागते, आणि ते हत्यार आमच्याजवळ नव्हते. तुटलेला स्पोक शेजारच्या स्पोकला गुंडाळला, त्याच्या दोन्ही बाजूंचे स्पोक चावीने पाव-पाव फेरा सैल-घट्ट करून जमेल तेवढा आऊट काढला आणि मागचा ब्रेक सोडून दिला. लातूरच्या गंजगोलाईजवळच्या दुकानात लहानपणी चाक उलटे टांगून आऊट काढताना तासन्‌तास पाहत उभा राहत असे, ते पाहणे त्या दिवशी उपयोगी पडले. मागची दोन्ही ओझी सरांनी आपल्या सायकलवर घेतली. मी नको म्हणालो, तर ते म्हणाले, ‘‘सर, पन्नास किलोमीटर राहिलेत. आता वजनाचा हिशोब नको.’’

रॉटरडॅममध्ये इरॅस्मस पूल ओलांडून आम्ही मुद्दाम सागरी संग्रहालयाच्या गोदीकडे वळलो, कारण तिथे लाल रंगाचा एक जुना दीपस्तंभ उभा आहे. तो एके काळी हुक फान हॉलंडला, नदीच्या मुखाशी होता. त्याचीच छोटी प्रतिकृती ओबरआल्प खिंडीत उभारलेली आहे, आणि पंचवीस दिवसांपूर्वी तिच्यापाशी आम्ही दोघांनी कानटोपी घालून फोटो काढला होता. समुद्रापासून इतक्या दूर, बर्फाच्या डोंगरात दीपस्तंभ पाहून तेव्हा नवल वाटले होते. मूळ स्तंभाच्या लोखंडाला हात लावला तेव्हा ते उन्हाने तापलेले होते, आणि मधले सगळे दिवस एकदम आठवले.

शहरानंतर स्खीडाम, फ्लार्डिंगन आणि मासस्लाउस ही गावे भराभर मागे पडली. इथून पुढे नदी म्हणून दिसते तो खरे तर माणसाने खोदलेला मार्ग आहे; जुने मुख गाळाने भरत चालल्यामुळे जहाजांसाठी वाळूच्या टेकड्या फोडून तो काढला आणि १८७२ मध्ये खुला केला. त्याच्या काठाने, पाण्याला जवळजवळ लागून, सायकलचा रस्ता जातो. शेजारून दहा मजली इमारतीएवढी मालवाहू जहाजे जात होती आणि त्यांच्या लाटा काठावरच्या दगडांवर उशिराने येऊन आपटत होत्या.

मासस्लाउसच्या पुढे मास्लांटकेरिंग हा वादळरोधक दरवाजा आहे. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राने बंधारे फोडले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे गेली; त्यानंतर या देशाने जी कामे हाती घेतली, त्यांतले हे शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक, १९९७ मध्ये पूर्ण झालेले. ३६० मीटर रुंदीच्या पात्राच्या दोन्ही काठांवर पांढऱ्या पोलादी तुळयांचा एकेक बाहू, आणि प्रत्येक बाहूच्या टोकाला २१० मीटर लांब, २२ मीटर उंच पोकळ दरवाजा. पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा तीन मीटर चढणार असा अंदाज आला की दरवाजे तरंगत मध्यभागी येतात, त्यांच्या पोकळीत पाणी भरले जाते आणि ते तळाशी बसतात. समुद्राला अडवायचे तर त्याच्याच पाण्याचे वजन वापरायचे, ही युक्ती मला फार आवडली.

तिथल्या बाकावर भाकरीऐवजी महिनाभर खाल्लेला तोच पाव आणि लातूरहून आणलेली शेंगदाण्याची शेवटची चटणी खाताना सरांनी वही काढली. ऱ्हाईन जर्मनीतून या देशात शिरते तिथे तिच्यातून सरासरी दर सेकंदाला सुमारे २,२०० घनमीटर पाणी वाहते, हे मी त्यांना वाटेत सांगितले होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिली गाडी दहा वाघिणींची होती. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, आणि अशा एका गाडीत सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी मावत असे. पंचवीस लाख लिटर म्हणजे २,५०० घनमीटर. सरांनी भागाकार केला, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. सव्वा सेकंदसुद्धा भरत नव्हता. ती गाडी स्टेशनात शिरताना पाहायला आम्ही दोघेही गेलो होतो. लोकांनी इंजिनाला हार घातले होते. बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

हुक फान हॉलंडला पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. वाळूत चाके रुतत होती, म्हणून सायकली हाताने ढकलत पाण्यापर्यंत नेल्या आणि पुढची चाके लाटेत उभी केली. मीटरवर १,३१८ होते. डावीकडे दूरवर गेलेल्या धक्क्याच्या पलीकडे नदीचे पाणी समुद्रात मिसळत होते, पण इथे नदी संपली असे दाखवता येईल अशी कोणतीही जागा तिथे नव्हती.

घरी फोन लावला. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. पुतणीने फोन दादांच्या समोर धरला. वडील सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, तावरजेच्या काठी त्यांचा जन्म गेला. तावरजा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला, हे त्यांना ठाऊक आहे. परंतु उन्हाळ्यात तावरजेत वाळूशिवाय काही नसते.

‘‘आलास का शेवटाला?’’

‘‘आलो, दादा. हे बघा.’’ मी फोन पाण्याकडे वळवला.

ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘गोड हाय का खारं?’’

मी वाकून ओंजळीत पाणी घेतले आणि चाखले. खारट होते, तसे सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की मग ते खारं कुठून झालं, वाटेत कुठं बदललं. अठ्ठावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी सांगितले की खारे पाणी जड असते, भरतीच्या वेळी ते नदीच्या तळातून उलटे वर सरकत जाते आणि गोडे पाणी त्याच्यावरून वाहत खाली येते. त्यामुळे काही मैल दोन्ही पाणी एकाच पात्रात असतात.

‘‘मंजी खाली समुद्र अन्‌ वर नदी.’’

‘‘हो, दादा.’’

पाऊस झाला का, असे मी विचारले. पेरून बारा दिवस झाले होते, सोयाबीन उगवून आले होते आणि माना टाकू लागले होते. आणखी चार दिवस ताण पडला तर दुबार पेरणी करावी लागणार होती. ‘‘तिकडलं सांग,’’ ते म्हणाले, ‘‘हिकडलं आमी बघतो.’’ मग पुतणीला त्यांनी फोन अजून थोडा वेळ धरून ठेवायला सांगितले, आणि मी तो पाण्याच्या दिशेने धरून उभा राहिलो. दूर एक जहाज मुखातून आत वळत होते. ते पूर्ण वळेपर्यंत दोन्हीकडून कोणी बोलले नाही.

मेट्रोचे स्टेशन वाळूला लागूनच आहे. फलाटावर बसून सरांनी जुन्या मोज्याने दोन्ही सायकलींच्या चेनमधली वाळू पुसून काढली आणि मी तुटलेला स्पोक शेजारच्या स्पोकवरून सोडवून पॅनिअरच्या, म्हणजे सायकलला अडकवायच्या पिशवीच्या, बाहेरच्या खिशात ठेवला. गाडीला अकरा मिनिटे होती.