दिल्ली ते मालवण: विमानात पावणेतीन तास, टॅक्सीत पाच

चतुर्थीला दिल्लीहून गावी येणाऱ्यांनो, तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून पैसे भरू नका. शेजारची तीन अक्षरं बघा. गोव्यात विमानतळ दोन: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे उत्तरेचा मोपा. मी बघितली नाहीत.

2025ची चतुर्थी 27 ऑगस्टला होती. आदल्या संध्याकाळी माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळं-पानांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधायच्या आत घर गाठायचं होतं. तिकिटाच्या साइटवर दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत, दोन्हींपुढे ‘गोवा’. अठराशे रुपयांनी स्वस्त दिसलं ते घेतलं. दीड हजार किलोमीटरचं हवाई अंतर दोन तास चाळीस मिनिटांत सरलं. पावणेपाचला उतरलो तर दाबोळी!

हवेतून मोपा तिथून जेमतेम चाळीस किलोमीटर. पण रस्त्याने दाबोळी ते मालवण सव्वाशे किलोमीटर पडतात, मोपाहून पंचाहत्तरेक. भावाने मोपाला पाठवायची म्हणून ठरवलेली मालवणची गाडी तीन हजारांत येणार होती. दाबोळीच्या टॅक्सीवाल्याने सात हजार सांगितले. राज्याबाहेर जायचं, रिकामी परत यायची, वर पाऊस. सणाच्या आदल्या दिवशी माणूस अडलेला असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ही सरळ लूट आहे. घासाघीस करून साडेसहा हजार दिले.

पणजीजवळची पर्वरी मात्र विसरणार नाही. उड्डाणपुलाचं काम, त्यात धो धो पाऊस, त्यात सगळे चाकरमानी. सव्वा तास गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. पोर रडून रडून झोपलं. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपासून कुडाळच्या अलीकडच्या झारापपर्यंत चौपदरी रस्ता, तिथे गाडी पळाली. कुडाळहून नेरूरपार, धामापूर, चौके हा वळणावळणाचा रस्ता रात्री पावसात नवख्या ड्रायव्हरच्या हाती देऊ नका. आमचा दोनदा चुकला. दहाला घरी पोचलो तेव्हा माटवी बांधून झाली होती. वर्षातून एकदाच मिळणारा तो तास माझा गेला, याचा राग अजून आहे.

आता स्पष्ट सांगतो. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी, कुठेही जायचं असो, मोपाच घ्या. दाबोळीचं तिकीट दोन हजारांनी स्वस्त असलं तरी नको. गाडी गावचीच, तीही आठवडाभर आधी सांगून ठेवा. मालवणला सगळ्यात जवळचा विमानतळ चिपीचा, 2021पासून सुरू, पण मी तिकीट काढलं तेव्हा दिल्लीहून थेट विमान नव्हतं.

दाबोळीलाच उतरावं लागलं आणि दुपार हातात असली तर टॅक्सी मडगाव स्टेशनपर्यंतच करा, पुढे रेल्वेने कुडाळ. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, वेळ आधी बघून ठेवा.

परतीचं तिकीट मोपाचं होतं. पहाटे पाचला मालवणातून निघालो, पावणेसातला विमानतळावर.